पाठीचा कणा आणि ओझे

जुवाने खांदा सुजलेल्या बैलास शेतकरी औताला जुंपीत नाही. परंतु स्वतःच्या कंबरेत उसण भरली असता तेल चोळून तो पुन्हा पोत्याला हात घालतो. यास्तव पाठीचा कणा कसा रचलेला आहे व तो कोठे दगा देतो, हे शेतकरी बंधूंनी व ग्रामसेवकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

कणा हे अखंड हाड नसून ती एकावर एक रचलेल्या मणक्यांची माळ होय. जन्मतः माणसास सामान्यतः ३३ मणके असतात. मानेतील ७, बरगड्या जोडलेले १२ व कंबरेचे ५ हे सुटे राहतात. त्यांखालील ५ वयपरत्वे जुळून त्यांचे एकच त्रिकास्थि बनते आणि अखेरच्या बहुधा ४ मणक्यांचे माकडहाड होते. बैलाच्या मानेतही मणके ७च असतात. मात्र त्याचा कणा खांबांवर टेकलेल्या आढ्यासारखा आडवा असतो, तर मनुष्याचा उभा. त्यामुळे वरचा सारा भार कंबरेच्या मणक्यांवर येतो व तेच सर्वांत जाड असतात. मणक्यांच्या मागील बाजूस हाडाच्या कमानी असून त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो.

सुट्या मणक्यांमध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. चकतीची कड चिवट तंतूंची व गाभा ओल्या डिंकासारखा पाणीदार असतो. दिवसभराच्या दाबाने त्यातील काही पाणी निघून जाते व रात्री निजल्यावर ते पुन्हा भरते. म्हणून सकाळी माणूस सायंकाळपेक्षा सुमारे १ ते २ सेंटिमीटर उंच भरतो. फुगलेल्या चकतीवर वाकताना अधिक ताण पडतो. सबब उठल्याबरोबर शेणाची पाटी वा वैरणीचा भारा वाकून उचलू नये. पहिला तासभर हलकी कामे करावीत.

पाय ताठ ठेवून कंबरेत वाकल्यास चकती पुढून चेपली जाते व गाभा मागे सरकू पाहतो. येथे तरफेचा हिशेब लागू होतो. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवरून ओढ घेतात. ओझे ५० सेंटिमीटर पुढे असेल, तर २० किलोंची पाटी तोलण्यास त्यांना सुमारे २०० किलोंची ओढ लावावी लागते आणि ती दाबरूपाने चकतीवरच पडते. यात धडाचे वजन धरलेले नाही. युरियाची ४५ किलोंची गोणी हात लांबवून उचलणारा कंबरेवर काय लादतो, हे ज्याचे त्याने ताडावे.

ओझ्याजवळ जाऊन, एक पाय पुढे ठेवून गुडघ्यांत वाकावे, गोणी पोटाशी धरावी व पायांच्या जोरावर उठावे. वळताना कंबर न पिळता पावले वळवावीत. गाडीतून पोती उतरविताना हे हमखास विसरले जाते. भातलावणीत तासन्‌तास ओणवे राहिलेल्या स्त्रियांनी काही मिनिटे ताठ उभे राहिल्यावाचून रोपांची पाटी उचलू नये.

चकतीची कड फाटून गाभा बाहेर आला की नस चेपली जाऊन कळ नितंबातून पोटरीपर्यंत उतरते. अशा बहुतेकांस काही आठवड्यांत उतार पडतो. त्यांनी अंथरुणास न खिळता झेपेल तितके हिंडावे. परंतु लघवी अडकणे, जांघेत बधिरता येणे किंवा पायांतील बळ जाणे यांपैकी काहीही दिसल्यास चोळण्यात वा मणका बसविण्यात वेळ न दवडता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

झाडावरून अथवा विहिरीत पडलेल्यास हातपाय धरून उचलण्याची रीत तर फारच घातक आहे. मोडलेल्या मणक्याने मज्जारज्जूस इजा झाल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात. १०८ क्रमांकावर कळवून रुग्णवाहिका येईपर्यंत त्यास हलवू नये. एकाने डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरावी. हलविणे भागच पडले, तर चारपाच जणांनी डोके, धड व पाय एका रेषेत ठेवून, ओंडका लोळवावा तसे एकाच वेळी कुशीवर वळवून दाराच्या फळीवर घ्यावे. झोळी किंवा सैल विणीची बाज यासाठी वापरू नये.