बारावीचा क्यू फॅक्टर मोबाईलच्या टॉवरवर



एलसीआर सर्किट शिकवताना "सर, याचा उपयोग काय?" हा प्रश्न हमखास येतो. आपण रेडिओचं ट्यूनिंग सांगतो आणि पुढे जातो. पण आजच्या मुलांनी रेडिओची कळ फिरवलेलीच नसते! त्याऐवजी मोबाईल टॉवरचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर घेऊन बघा. गणित वर्गमुळापलीकडे जात नाही.

सुरुवात उष्णतेपासून करा. १०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर ४० टक्के कार्यक्षम असेल तर तो २५० वॅट ओढतो, म्हणजे १५० वॅटची नुसती उष्णता. कार्यक्षमता ६० टक्के केली की उष्णता साधारण ६७ वॅटवर येते, निम्म्याहूनही कमी. हे मुलांनाच करू द्या.

आता कार्यक्षमता वाढते कशाने? ट्रान्झिस्टरवरच्या व्होल्टेजला पूर्ण झोका घेता आला पाहिजे. झोका अर्धवट राहिला तर उरलेलं व्होल्टेज ट्रान्झिस्टरवरच पडून राहतं, त्यातून करंट वाहतो आणि तो तापतो. ट्रान्झिस्टर आदर्श धरला, तर पूर्ण झोक्यासाठी त्याला समोर दिसायला हवा तो रोध म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले शक्तीची दुप्पट. २८ व्होल्ट आणि १०० वॅटसाठी ७८४ ÷ २०० = ३.९२ ओहम.

(हुशार मुलं इथे "दोन्ही रोध समान तर जास्तीत जास्त शक्ती" हे प्रमेय काढतात. ते इथे लावायचं नाही. त्यात अर्धी शक्ती उगमातच जळते.)

पण अँटेनाकडे जाणारी केबल असते ५० ओहमची. ५० चे ३.९२ दिसावेत म्हणून मध्ये एक कॉइल आणि एक कपॅसिटर बसवतात. त्या जोडीचा क्यू = √(५०/३.९२ − १), म्हणजे सुमारे ३.४. आणि क्यू मोठा म्हणजे काय, हे तर आपण फळ्यावर आलेख काढून शिकवलेलंच असतं: शिखर टोकदार, पट्टा अरुंद. ठरलेल्या वारंवारतेला सगळं जुळतं. थोडं बाजूला सरकलं की रोध बदलतो, झोका बिघडतो, उष्णता वाढते. आपल्याकडे ४जी १८००, २१००, २३०० मेगाहर्ट्झ अशा वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालतं. एकाच अ‍ॅम्प्लिफायरने हे सगळं सांभाळायचं, तर हा क्यू आडवा येतो.

एक उपाय, उडी दोन पायऱ्यांत घ्यायची: ३.९२ वरून १४, मग १४ वरून ५०. प्रत्येक पायरीचा क्यू फक्त १.६. पण पायऱ्या फुकट मिळत नाहीत. प्रत्येक कॉइलमध्ये थोडी शक्ती जातेच.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण तो वरच्या सूत्रातच दडलेला आहे. व्होल्टेज वाढवा! गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर ५० व्होल्टवर चालवता येतात. तेवढीच शक्ती, पण रोध १२.५ ओहम, आणि एकाच पायरीत क्यू १.७३. शिवाय तेवढ्याच शक्तीसाठी त्यांचा स्वतःचा कपॅसिटन्सही कमी असतो. तोही पट्टा अरुंद करणाराच.

पट्टा दुप्पट रुंद झाला, समजा १ ते २ गिगाहर्ट्झ, की नवीच पंचाईत. १ गिगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक २ वर, म्हणजे पट्ट्यातच पडतो. तो गाळायला गेलो तर २ गिगाहर्ट्झचा खरा सिग्नलही जाईल. मग अशा ठिकाणी दोन ट्रान्झिस्टर उलटसुलट, पुश-पुल जोडतात. त्यात सम हार्मोनिक एकमेकांना बऱ्याच अंशी कापतात.

गृहपाठासाठी: ५० व्होल्ट आणि तीन पायऱ्या घेतल्या तर प्रत्येकीचा क्यू किती? (उत्तर: सुमारे ०.७७)