२४० दिवस संपत आले, मुलगा परत येईल का?

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत एच-१बीवर नोकरी करतो. आय-९४ची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवानगीची, मुदत संपली, मुदतवाढीचा अर्ज अजून पडून आहे. २४० दिवस भरले की त्याला परत यावं लागेल का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, लगेच नाही. मुदत संपण्याआधी कंपनीने रीतसर अर्ज केला असेल, तर निकाल लागेपर्यंत तो तिथे राहू शकतो. २४० दिवसांची मर्यादा कामाला आहे. त्यानंतर मात्र काम पूर्ण बंद. घरी बसून लॅपटॉपवर दोन ईमेल हातावेगळे केले तरी ते कामच, आणि पुढे तेच अंगाशी येतं. ती वेळ येऊ नये म्हणून कंपनीला आजच आय-९०७ हा लवकर निकाल मागण्याचा फॉर्म भरायला सांगा. फी भरपूर आहे, पण कामकाजाच्या १५ दिवसांत निर्णय तरी मिळतो किंवा आणखी कागद तरी मागवले जातात. कंपनीने हे आधीच करायला हवं होतं. अर्ज नामंजूर झाला, तर तिथून पुढचं राहणं बेकायदा मोजलं जातं. ते १८० दिवसांवर गेलं आणि मग तो बाहेर पडला, तर ३ वर्षं प्रवेशबंदी. निकालाआधी घाईने भारतात येऊ नकोस, असंही त्याला बजावा. पासपोर्टवरचा व्हिसा संपला असेल, तर नव्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत तो इथेच अडकून पडेल.