पाळ्यांमधील काम आणि हृदयविकार

जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा कामाचा दिवस सुरू झाला. देशातील कायद्याने ही मर्यादा मान्य करण्याच्या कितीतरी आधीची ही घटना असल्याने कामगार कल्याणाच्या इतिहासात तिचा उल्लेख आवर्जून केला जातो. परंतु झोतभट्टी रोज विझवता येत नाही. दिवस आठ तासांचा झाला की चोवीस तासांत तीन पाळ्या ओघानेच येतात. वीजनिर्मिती केंद्रे, रेल्वे, रुग्णालये आणि पोलीस दल यांचे कामही असेच अखंड चालते. गेल्या काही दशकांत अमेरिकेच्या दिवसाशी जुळवून घेणाऱ्या कॉल सेंटरांची त्यात भर पडली. कामाचे तास किती असावेत, हा प्रश्न कायद्याने बऱ्याच अंशी सोडवला. ते तास दिवसाचे की रात्रीचे, हा प्रश्न मात्र मागे राहिला. हृदयाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

शरीरातील घड्याळ

मेंदूतील एक लहानसे केंद्र डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशाच्या आधारे शरीराचे चोवीस तासांचे चक्र सांभाळते. हे चक्र पेशींमध्ये कसे चालते, याच्या संशोधनासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत साधारणतः १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हीच हृदय व रक्तवाहिन्यांची विश्रांती होय. रात्रपाळीत ती मिळत नाही आणि दिवसाच्या तुटक झोपेत ती पूर्णपणे भरून निघत नाही. पत्र्याखालच्या एका खोलीत, भर दुपारी, घरातील सर्वांचा वावर सुरू असताना घेतलेली झोप किती गाढ असेल, हे सांगावयास नको.

आहाराचेही तसेच आहे. रात्री इन्शुलिनचा प्रभाव कमी असल्याने तेच जेवण मध्यरात्री घेतले असता रक्तातील साखर अधिक वाढते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात स्वयंसेवकांना २८ तासांच्या कृत्रिम 'दिवसा'वर ठेवण्यात आले. झोपेची व जेवणाची वेळ शरीराच्या घड्याळाच्या उलट झाली तेव्हा त्यांचा रक्तदाब आणि रक्तशर्करा दोन्ही वाढल्याचे आढळले. जागरणासाठी घेतला जाणारा तंबाखू, विडी आणि वारंवारचा गोड चहा यांचा भार याखेरीज असतो.

पुरावा काय सांगतो

स्वीडनमधील एका कागद कारखान्यातील ५०४ कामगारांचा १५ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळ्यांमध्ये काम केल्याची वर्षे वाढत गेली तसतशी हृदयविकाराची जोखीमही वाढत गेली. १६ ते २० वर्षे काम केलेल्या गटात ती दिवसपाळीच्या कामगारांच्या २.८ पट होती. त्यानंतरच्या गटात मात्र ती अचानक खाली आली. शरीराला सवय झाली, असा याचा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. ज्यांना काम सोसत नाही ते पाळ्या सोडून जातात आणि मोजणीत सुदृढ तेवढे उरतात; असे होण्यास 'निरोगी कामगार परिणाम' असे म्हणतात.

२०१२ मध्ये ३४ अभ्यासांतील सुमारे २० लाख लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण करण्यात आले. त्यात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका येण्याची जोखीम २३ टक्क्यांनी अधिक दिसली. ही सापेक्ष वाढ आहे. शंभरातील तेवीस जणांना झटका येतो, असे उत्तरपत्रिकेत लिहिणे ही नेहमीची चूक होय. मृत्यूदरात मात्र लक्षणीय वाढ आढळली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

कायद्याची बाजू

कारखाने अधिनियम, १९४८ ने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. स्त्रियांना त्यांच्या संमतीने व सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळीत काम करण्याची मुभा तीत आहे. म्हणजेच रात्री काम करणाऱ्यांचा वर्ग यापुढे वाढणार. संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ अधिसूचित रोग आहेत. शिसे-विषबाधा, सिलिकोसिस, गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा त्यात येतात. पाळ्यांमुळे जडणारा हृदयविकार येत नाही. या रोगास इतरही अनेक कारणे असतात, त्यामुळे एखाद्या कामगाराच्या बाबतीत कार्यकारणभाव सिद्ध करणे कठीण जाते, हे खरेच आहे.

नव्या व्यवस्थेत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीवर भर देण्यात आला आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे, परंतु निकष वयाचा आहे, रात्रींचा नाही. बाविसाव्या वर्षी फिरत्या पाळीवर रुजू झालेल्या तरुणाची चाळिशी येईपर्यंत अठरा वर्षे झालेली असतील, आणि स्वीडनच्या अभ्यासात जोखीम सर्वाधिक होती ती याच टप्प्यावर.

काही उपाय मालकाच्या हातचे आणि जवळजवळ बिनखर्चाचे आहेत. पहिली, दुसरी, तिसरी अशा पुढे सरकणाऱ्या क्रमाने पाळी बदलल्यास शरीरास ते उलट क्रमापेक्षा सोपे जाते, कारण मानवी घड्याळ मुळात चोवीस तासांहून किंचित संथ आहे. सलग रात्रींची संख्याही मर्यादित ठेवता येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९० च्या रात्रकामविषयक करारात (क्रमांक १७१) याहून पुढची तरतूद आहे: कामगाराने मागणी केल्यास रात्रपाळीवर नेमण्यापूर्वी व नंतर ठरावीक काळाने मोफत आरोग्य तपासणी, आणि प्रकृती रात्रीच्या कामास योग्य नसल्यास, शक्य असेल तेथे, तत्सम अन्य कामावर बदली. भारताने या करारास अनुसमर्थन दिलेले नाही.