वणव्यातून वाचणारी कळलावी

महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर उन्हाळ्यात वणवे लागून गवत जळून जाते. अशाच उतारावर पावसाळ्यात कळलावी फुटते. पानाच्या टोकाचा तणावा करून ती करवंदीच्या जाळीवर चढते. फुले आधी हिरवट पिवळी, नंतर लालभडक. म्हणून ती अग्निशिखा. ही बहुवर्षायू आहे. पावसाळा सरल्यावर वेल वाळतो व नांगराच्या आकाराचा कंद जमिनीत सुप्त राहतो. (संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते यावरूनच.) गवताची आग वरून निघून जाते, कंदापर्यंत सहसा पोचत नाही. कंद खणून नेला तर मात्र झाड संपलेच.

कंद, बिया, पाने, सर्वच भाग विषारी आहेत. त्यातील कोल्चिसीन पेशींचे विभाजन थांबवते. रताळे किंवा रानकंद समजून कंद खाल्ल्याने श्रीलंकेत माणसे दगावली आहेत. नावावर जाऊन बाळंतपणात कळा आणण्यासाठी तो कदापि वापरू नये. कोणी खाल्ल्यास उलट्या-जुलाबाची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे; विषावर हुकमी उतारा उपलब्ध नाही.

तमिळनाडूत बियांसाठी हिची शेती होते. आपल्याकडे करायची तर भातखाचर नको, पाणी साचल्यास कंद कुजतो. निचऱ्याची रेताड-पोयट्याची वरकस जमीन घ्यावी. कंदाच्या टोकावरील डोळा दुखावू नये, वेलास आधार द्यावा. मुले व गुरे फिरतात तेथे लावू नये. बियांचा खरेदीदार मात्र लागवडीपूर्वीच पक्का करावा. लागवडीचे कंद डोंगरातून न खणता रोपवाटिकेतून घ्यावेत.