पिन का मोडते?

प्रश्न : मी ह्यूस्टनला राहतो. रेंजवर जमवलेल्या .308 च्या पितळी पुंगळ्या घरी पुन्हा भरतो. जुना प्राइमर बाहेर ढकलणारी डायमधली पिन सारखी मोडते. हल्ली पिनाच कच्च्या येतात का?

उत्तर : पिनेला बोल लावण्याआधी टॉर्च घ्या आणि पुंगळीच्या तोंडातून आत बघा. बुडाशी मधोमध एकच भोक दिसलं, तर पुंगळी बॉक्सर पद्धतीची. तिथे पिन भोकातून उतरते आणि प्राइमर खाली पाडते. मध्ये भोक नाही, बाजूला दोन बारीक भोकं आहेत, तर ती बर्डन. प्राइमरचा मसाला ज्यावर चिरडून पेटतो ती ऐरण बॉक्सरमध्ये प्राइमरच्या आत असते. बर्डनमध्ये ती पुंगळीच्या बुडातच घडवलेली असते. म्हणजे तुमची पिन थेट भरीव पितळेवर उतरते. वरून प्रेसच्या दांड्याचा जोर. दुसरं काय मोडणार?

दोन्ही पद्धती 1866 च्या सुमाराच्या. गंमत अशी, की बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज लष्करी अधिकारी. पण अमेरिकेने उचलली बॉक्सरची पद्धत, आणि युरोपातल्या बऱ्याच लष्करांनी बर्डनची! जुन्या लष्करी साठ्यातली स्वस्त काडतुसं शेजारच्या कोणी झाडली असतील, तर त्यांच्या पुंगळ्या तुमच्या पिशवीत आल्याच म्हणून समजा. त्यातल्या पोलादी लोहचुंबकाने वेगळ्या काढता येतात. पितळी बर्डन पुंगळी मात्र आत डोकावल्याशिवाय कळत नाही.

सगळ्या बॉक्सर निघाल्या तर भोकाचा व्यास बघा. तो साधारण 2 मिमी असतो, पण लापुआच्या .308 पाल्मा पुंगळीत 1.5 मिमीच. नेहमीची पिन तिथे अडकते आणि वाकते किंवा तुटते. त्यासाठी बारीक पिन मिळते, ती लावा. भोक मोठं करायच्या फंदात पडू नका; ते मुद्दाम तेवढं ठेवलेलं असतं. पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्यात घासत असाल, तर आत चुरा घट्ट बसलेला नाही ना, तेही टॉर्चमध्येच दिसेल.

आता डाय. पिन धरणारी दांडी फार खाली सोडलेली असते, हा नेहमीचा घोटाळा. पिन डायच्या तोंडाबाहेर 5 मिमीच्या आसपास आली की पुरे; त्याहून फार खाली गेली तर दांडीच पुंगळीच्या बुडावर टेकते. दांडीचं नट जरा सैल ठेवा, एक चांगली पुंगळी वर चढवा, पिन भोकात शिरली की तिथेच नट आवळा. पिन आपोआप मध्यावर येते. एवढं करूनही दांडा कडक लागला तर जोर करू नका, पुंगळी खाली घ्या.

लष्करी 7.62 च्या पुंगळ्यांत प्राइमरभोवतीचं पितळ दाबून तो पक्का केलेला असतो. तो सुटायला जास्त जोर लागतो, म्हणून त्या पुंगळ्या बाजूला काढून, फक्त प्राइमर काढायची जाड दांडीची वेगळी डाय मिळते, तिच्यावर घ्या. न उडालेला प्राइमर असेल तर त्या पुंगळीला हातच लावू नका.

हे सगळं तुमच्या टेक्ससपुरतं. इकडे भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. सुट्टीला याल तेव्हा प्रेस तिकडेच राहू द्या.