दुधाचे दात आणि अणुचाचण्या

अण्वस्त्रांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय चळवळीचे नाव काढताच मोर्चे, घोषणा आणि परिषदांचे ठराव डोळ्यांसमोर येतात. परंतु १९५४ ते १९६३ या काळात या चळवळीला जे यश लाभले, त्याचे मर्म अन्यत्र शोधावे लागते. स्फोटानंतर आकाशातून खाली उतरणारी किरणोत्सर्गी धूळ ही सरकारांच्या दृष्टीने एक तर गुप्त किंवा क्षुल्लक बाब होती. चळवळीतील लोकांनी ती मोजून दाखविली.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. हा स्फोट हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे हजार पट शक्तिमान होता. घोषित धोक्याच्या क्षेत्राबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी नौकेवर पांढरी राख पडली आणि तिच्यावरील २३ खलाशी आजारी पडले. त्यांपैकी एकाचा सप्टेंबरात मृत्यू झाला. बाजारात आलेली मासळीही दूषित निघाली. टोकियोच्या सुगिनामी भागातील गृहिणींनी बाँबविरोधी अर्जावर सह्या गोळा करण्यास आरंभ केला. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये हिरोशिमा येथे जागतिक परिषद भरली, तोवर जपानभरच्या सह्यांची संख्या तीन कोटींवर गेली होती. रोजच्या ताटातला मासा विषारी ठरल्यावर लोकांना निराळ्या प्रचाराची गरज उरली नाही.

इकडे भारतात २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या तूर्त स्थगित ठेवण्याची सूचना मांडली. कोणत्याही देशाच्या प्रमुखाने केलेली अशी ही पहिलीच सूचना मानली जाते. मोठ्या राष्ट्रांनी तिची दखल घेतली, पण ती अमलात आणली नाही.

त्या राखेत काय होते, हे अमेरिका सांगत नव्हती. ते शोधण्याचे काम दोन शास्त्रज्ञांच्या भेटीतून झाले. जपानचे जीवभौतिकशास्त्रज्ञ यासुशी निशिवाकी यांनी राखेच्या पृथक्करणाची माहिती बेल्जियममध्ये जोसेफ रोटब्लाट यांना दिली. रोटब्लाट हे बाँब तयार करण्याच्या अमेरिकी प्रकल्पातून १९४४ सालीच बाहेर पडलेले गृहस्थ. हातातील आकड्यांवरून त्यांनी ताडले की, या बाँबच्या ऊर्जेचा मोठा भाग युरेनियमच्या विखंडनातून आला असला पाहिजे. आणि म्हणूनच त्याची धूळ इतकी घातक आहे. १९५५ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ९ जुलैला बर्ट्रांड रसेल यांनी लंडनमध्ये एक जाहीरनामा वाचून दाखविला. त्यावर आइन्स्टाइन यांनी मृत्यूपूर्वी काही दिवस सही केली होती. त्यातून निघालेली पहिली परिषद नेहरूंच्या निमंत्रणावरून दिल्लीत भरावयाची होती. परंतु सुएझचा पेचप्रसंग आड आला आणि ती जुलै १९५७ मध्ये कॅनडातील पगवॉश गावी भरली. तेथे अवघे २२ शास्त्रज्ञ जमले होते; मात्र त्यांत अमेरिकेचे होते तसे सोव्हिएत संघाचेही होते.

लायनस पॉलिंग यांनी जानेवारी १९५८ मध्ये नऊ हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज संयुक्त राष्ट्रसंघाला सादर केला. सह्या जमविण्यास कोणी मदत केली त्यांची नावे सांगा, असे १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने त्यांना बजावले. तुरुंगवासाचा धोका पत्करून त्यांनी नकार दिला.

पण सर्वांत बोलका पुरावा मुलांच्या मुखातून आला, तोही अक्षरशः. स्ट्राँशियम-९० हे द्रव्य रासायनिक दृष्ट्या कॅल्शियमसारखे असल्यामुळे गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून बालकांच्या हाडांत व दातांत जाऊन बसते. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे २९ वर्षे लागतात. अमेरिकेतील सेंट लुइस शहरी १९५८ च्या अखेरीस नागरिक आणि शास्त्रज्ञ यांच्या एका समितीने पडलेले दुधाचे दात मागविण्यास प्रारंभ केला. डॉ. लुईझ रीस या वैद्य महिला कामाची सूत्रे सांभाळीत. दात पाठविणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे. एकूण सुमारे तीन लाख दात जमले. १९६१ मध्ये पहिले निष्कर्ष छापून आले, तेव्हा स्ट्राँशियमची वाढ स्पष्ट झाली होती. पुढे असे आढळले की, १९६३ साली जन्मलेल्या मुलांच्या दातांतील प्रमाण १९५० साली जन्मलेल्यांच्या सुमारे ५० पट होते. आईबापांना यावर भाष्य लागत नव्हते.

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे वातावरणात, पाण्याखाली व अंतराळात चाचण्या करण्यास बंदी घालणारा करार झाला. त्याच्या समर्थनार्थ केलेल्या भाषणात अध्यक्ष केनेडी यांनी मुलांच्या हाडांचा व रक्ताचा उल्लेख केला, हा योगायोग म्हणता येणार नाही. अर्थात क्यूबाच्या पेचप्रसंगाने दोन्ही महासत्तांना बसलेला हादराही विसरून चालणार नाही.

भूमिगत चाचण्या मात्र मोकळ्या राहिल्या. प्रत्यक्ष स्थळी किती तपासण्या व्हाव्यात यावर वाटाघाटी अडल्या: अमेरिका सात मागत होती, सोव्हिएत संघ तीनपलीकडे जाण्यास तयार नव्हता. जगात आजवर झालेल्या दोन हजारांहून अधिक चाचण्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश भूमिगत आहेत. खडकाखालच्या स्फोटाची धूळ सहसा दुधात उतरत नसे. त्यामुळे चळवळीच्या हातचे मोजमापही गेले आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तिचा जोर ओसरला. फ्रान्स व चीन यांनी करारावर सही केलीच नव्हती. वातावरणातील अखेरची चाचणी चीनने १९८० मध्ये केली. भारताने १९६३ सालीच सही केली होती. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेला स्फोट जमिनीखाली असल्याने त्या कराराचा भंग झाला नाही.