खाऱ्या तलावाच्या क्लोरिन यंत्रावर क्षार का चढतो?

गोवा, अलिबाग, लोणावळा येथील हॉटेले आणि बंगले यांत पोहण्याचे तलाव आता नवलाचे राहिलेले नाहीत. त्यांपैकी काही तलावांत क्लोरिन बाहेरून टाकत नाहीत. तो मिठापासून तेथेच तयार होतो. आखातात प्लंबिंगचे किंवा इलेक्ट्रिकचे काम करून आलेल्या मंडळींना हे यंत्र परिचयाचे असेल. या यंत्राची नेहमीची तक्रार एकच, प्लेटांवर पांढरा क्षार चढतो.

अशा तलावात दर १००० लिटर पाण्यास साधारण ३ ते ४ किलो मीठ विरघळवतात. समुद्राचे पाणी याच्या सुमारे दहापट खारट असते. हे पाणी यंत्राच्या 'सेल'मधून जाते. सेलमध्ये टायटॅनियमच्या प्लेटा असून त्यांवर रुथेनियम, इरिडियम अशा महाग धातूंच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. डी.सी. वीज सोडली की एका बाजूस क्लोरिन आणि दुसऱ्या बाजूस हायड्रोजन निघतो. हायड्रोजनच्या प्लेटेलगत पाण्याचा पीएच फार चढतो आणि पाण्यात विरघळलेला चुना तेथे घट्ट होऊन बसतो. मग वीज कमी वाहते, क्लोरिन घटतो आणि पाणी हिरवे पडते. यंत्र कधी कधी 'मीठ कमी' असेही दाखवते. अशा वेळी पोते ओतण्याआधी सेल उघडून पाहावा. मीठ पुरेसे असते, प्लेटा झाकलेल्या असतात.

पुष्कळ यंत्रे ठरावीक तासांनी विजेची दिशा उलटवून क्षार पाडतात, पण पाणी फार जड असेल तर तेवढ्याने भागत नाही. मग कारागीर ॲसिडची बाटली काढतो. प्लेटा लगेच चकचकीत होतात, मालकही खूश होतो. परंतु वारंवार ॲसिड दिल्याने तो महाग लेप झिजतो, आणि लेप गेला की सेल नवाच घ्यावा लागतो. खरा इलाज पाण्यात आहे.

पीएच ७.२ ते ७.६ मध्ये राखावा. मिठाच्या तलावात तो आपोआप चढत राहतो, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी तपासावा. चुन्याचा जडपणा लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम ठीक. बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते आणि तलावातून वाफ उडते तसा चुना मागेच राहून साठत जातो. तेव्हा थोडे पाणी काढून मऊ पाणी भरण्यावाचून दुसरा सोपा मार्ग नाही. मिठागराचे खडे मीठ स्वस्त पडते खरे, पण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम येते. शुद्ध केलेले, आयोडीन नसलेले मीठ घ्यावे. ब्लीचिंग पावडर तर टाकूच नये, कारण ती चुन्यापासूनच बनते.

तरीही क्षार बसलाच तर वीज बंद करून सेल काढावा आणि आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन पाहावा. न निघाल्यास १० भाग पाण्यात १ भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड मिसळून काही मिनिटेच ठेवावा. ॲसिड पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. हातमोजे, चष्मा हवाच. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका खोलीतही ठेवू नये. दोन्ही मिसळल्यास विषारी वायू निघतो. चाकू, तारेचा ब्रश प्लेटांना लावू नये.

वर्षाच्या देखभालीचा ठेका घेणाऱ्याने दर सांगण्यापूर्वी तलावात भरायचे पाणी तपासून घ्यावे. जड पाण्याच्या तलावाला फेऱ्या जास्त पडतात आणि त्यांचे पैसे नंतर मागता येत नाहीत.